शेजारणीचं सुतक असतं का?

फेरीधक्का
आमच्या शेजारची आंटी सोमवारी पहाटे गेली. ८४ वर्षांची होती. रविवारी संध्याकाळी तिने गडग्यावरून आईला दोडकी दिली, "पाऊस उघडला तर सकाळी काकडीच्या वेलाला माटव घालूया" म्हणाली. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा दार उघडलं नाही. तिच्या घराची एक चावी आमच्याकडे असते, म्हणून दार मीच उघडलं.

आम्ही गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे. वाड्याचं नाव लिहीत नाही. आमच्या आणि तिच्या घरामध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे. त्यातले दोन चिरे काढून वाट केलेली आहे. ते चिरे कोणी काढले हे माझ्या आजीलाही आठवत नव्हतं. आंटी सरकारी नर्स. १९९९ साली निवृत्त झाली, पण इंजेक्शनची बॅग दाराआडच्या खिळ्यावर तशीच टांगलेली राहिली. लग्न केलं नाही. एक भाची मडगावला असते.

आता प्रश्न. चवथ एकोणीस दिवसांवर आली आहे. सोमवारी आंटीला उचलेपर्यंत आईने चूल पेटवली नाही. पण आता ती म्हणते की यंदा गणपती आणायचाच नाही, आणलाच तर आरतीला घुमट वाजवायचं नको, मखराला रोषणाई नको. मुंबईचे काका फोनवर म्हणाले, "ख्रिस्तांव शेजारणीचं कसलं आलंय सुतक?" आई काही बोलली नाही, फोन माझ्याकडे दिला आणि आत गेली.

तुमच्याकडे असं कधी झालंय का? काय केलंत? आणि तुमच्याही वाड्यावर असं कोणी असेल तर लिहा. मला या दिवसांत तेच वाचावंसं वाटतंय.

कुळागर
फार वाईट वाटलं. आईंना सांभाळा. रोज गडग्यापलीकडून येणारी हाक बंद होते तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखंच होतं.

आमच्याकडे सावईवेऱ्याला वाड्यावर मयत असलं की ते उचलेपर्यंत कोणीच चूल पेटवत नाही, जात-धर्म बघत नाहीत. नंतर त्या घरी तीन दिवस पेज आणि भाजी शेजारून जाते. गणपती न आणण्याचं मात्र ऐकलेलं नाही.

जुना_वाचक
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सुतक नात्याचं असतं. दहा दिवस पाळायचं ते सपिंडांनी, म्हणजे एका कुळातल्या जवळच्या नातलगांनी. लग्न होऊन गेलेल्या मुलीलासुद्धा माहेरचं सुतक तीनच दिवसांचं. शेजाऱ्याला ते मुळीच लागत नाही. मयत हलेपर्यंत चूल न पेटवणं एवढा शेजारधर्म, तो आईंनी पाळला. पिढ्यान्‌पिढ्यांचा पार्थिव गणपती सुतक नसताना बंद ठेवू नये.

माशेलची_लेक
नियम बरोबर आहे, पण आईंनी नियम विचारलेलाच नाही. त्यांचा हात मोदकाच्या पिठाकडे जात नाहीये, एवढंच त्या सांगताहेत.

दिवाडीचं नाव वाचून थांबले. आमच्या शेजारच्या खांडोळ्याचा महागणपती मूळचा तुमच्या बेटावरचा. पोर्तुगिजांच्या काळात तिथलं देऊळ गेलं आणि मूर्ती फिरत फिरत खांडोळ्याला आली. सप्तकोटेश्वरही तुमच्याच बेटावरून नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला गेला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. देव गेले आणि माणसं मागे राहिली, काही बाटली, काही नाही, आणि मधला गडगा दोन चिरे काढून वाटेचा झाला. माझी आजी दिवाडीची होती. ती म्हणायची, आमच्या घरातले अर्धे बाप्तिस्मा घेऊन पलीकडच्या वाड्यावर राहिले. तेव्हा सपिंड कोण आणि कोण नाही, ते दिवाडीवर बसून सांगणं कठीण आहे.

सुके_बांगडे
माशेलबाई, टाळ्या.

म्हापशाचा_शुक्रवार
आमच्या शेजारी शिंपी होते. त्यांच्याबद्दल लिहितो.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. माझे वडील तेव्हा पणजीला मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात होते. मेडिकल कॉलेज अजून बांबोळीला गेलं नव्हतं, मांडवीच्या काठावरच होतं. आई वडिलांजवळ, मी अकरा वर्षांचा, धाकटी बहीण सहा वर्षांची, आम्ही दोघंच घरी. पूल पडल्यावर सगळा बार्देस बेतीच्या फेरीबोटीवर लोटला. पावसात तास-तास उभं राहावं लागायचं. शिंपीकाका रोज सकाळी मशीन बंद ठेवून डबा घेऊन निघायचे आणि दुपारी परत यायचे. चतुर्थीचा सीझन तोंडावर, दुकानात कापडाचे गठ्ठे पडलेले. बावीस दिवस त्यांनी हे केलं. त्या वर्षी अर्ध्या गावाला नवे कपडे उशिरा मिळाले. कोणी कुरकूर केल्याचं मला आठवत नाही.

ते वारले तेव्हा मी नोकरीसाठी बाहेर होतो, पोचू शकलो नाही. माझ्याकडे अजून त्यांनी शिवलेला एक शाळेचा सदरा आहे. धाग्याच्या मालकीणबाई, तुमच्या आईंना जे वाटतं ते करू दे. मी काहीच करू शकलो नाही, ते अजून सलतं.

घाटावरून
पुण्याहून वाचतोय. ख्रिस्ती घरात दुखवटा कसा पाळतात? तिकडचं बघून इकडचं ठरवता येईल असं वाटलं.

पोदेर
मी सांगतो. मी ख्रिस्तांव, पण आमच्या गावात शाळा मराठी होती, चौथीपर्यंत तिथेच शिकलो, त्यामुळे इथे वाचत असतो. चुका सांभाळून घ्या.

आमच्यात सातव्या दिवशी मीस होतं, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मग महिन्याचं मीस. घरची माणसं लूत, म्हणजे दुखवटा, पाळतात. पूर्वी बायका वर्षभर काळं नेसायच्या, त्या घरात लग्न नाही, नाच नाही. आता लोक पुष्कळ कमी करतात. शेजाऱ्याला लूत नसते. पण वाड्यावर मरण असलं तर रेडिओ मोठ्याने कोणी लावत नाही, तेवढं सगळीकडे आहे.

तुम्हाला काही करायचं असेल तर चर्चच्या ऑफिसात जाऊन तिच्या नावाने मीस सांगा. हिंदूंनी सांगितलेलंही चालतं, आमच्याकडे पुष्कळ जण सांगतात. आणि २ नोव्हेंबरला सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, जा. त्या दिवशी सगळ्या फोंडांवर (थडग्यांवर) फुलं आणि मेणबत्त्या असतात. जिचं जवळचं माणूस गावात नाही तिचा फोंड रिकामा राहतो. तो रिकामा राहू देऊ नका.

घुमटाबद्दल आई नको का म्हणते ते कळलं नाही. घुमट आमचंही आहे. मांडो म्हणजे आमची गाणी, ती घुमटाशिवाय होतच नाहीत. आंटीला मांडो आवडायचा का?

फेरीधक्का
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. शिंप्याची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली.

पोदेर, तुमचा प्रश्न मी आईला विचारला आणि ती एकदम बोलायला लागली. ते खाली सांगते. आधी माझं.

माझा जन्म जुलै १९७८ चा. त्या रात्री वादळी पाऊस होता, वीज गेलेली, फेरी बंद. आजी गडग्याच्या वाटेने धावत गेली. आंटी दिवसभराची ड्यूटी करून आली होती, तशीच कंदील घेऊन आली. माझी मान नाळेत अडकली होती. आई सांगते, आंटी त्या वेळी एक शब्द बोलली नाही, आणि सगळं झाल्यावर न्हाणीघरात जाऊन ढसाढसा रडली. आजी तिला पाठीवर थोपटत राहिली, "बाय गो, रडूं नाका, जालें न्हय सगळें." मला न्हाऊ घालायला ती अकरा दिवस आली. मी मोठी झाल्यावर कुणाशी भांडले की ती म्हणायची, "हांवें तुका ह्या खातीर वाटायली?" म्हणजे, मी तुला याच्यासाठी वाचवलं का? मग भांडण मिटवावंच लागायचं.

वाड्यावर साप चावला की आधी तिला हाक. घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, पाय हलवू देऊ नका, लगेच मेडिकल, हे ती ओरडून सांगायची. १०८ ची गाडी गोव्यात २००८ साली आली. त्याआधी फेरीवर माणूस पाठवून पलीकडे गाडी उभी ठेवायची हेही तीच करायची. बेटावर फोन मोजके होते तेव्हा आमच्या वाड्यावरचा एकच फोन तिच्याकडे होता.

आणखी एक. श्रावणात ती सुकी मासळी आमच्या बाजूच्या गडग्यावर वाळत घालायची नाही, मागच्या अंगणात न्यायची. कोणी सांगितलेलं नव्हतं. कुणाच्या घरी सोमवारी मासे नाहीत, कुणाच्या घरी गुरुवारी नाहीत, हे तिला पाठ होतं.

गणपतीवर टांगायच्या माटोळीला तोरींग आणि निरफणस दरवर्षी तिच्या झाडाचं. तोरींग यंदा लगडलंय. ते बघूनच आईने गणपती नको म्हटलं, असं मला वाटतं.

सुके_बांगडे
सुकी मासळी मागच्या अंगणात. माझ्या आयडीची शपथ, याच्यापेक्षा मोठा शेजारधर्म मला माहीत नाही.

रायबंदर_बस
थांबा. फेरीवर निळ्या दांड्याची छत्री घेऊन बसणाऱ्या, चष्मा दोरीला बांधलेल्या, उंच बाई का? त्याच असतील तर मी त्यांना भेटलोय.

माझ्या आजोबांच्या जन्माचा दाखला काढायला मी रजिस्ट्रारच्या ऑफिसात खेपा घालत होतो. १९६१ च्या आधीच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेल्या. उतारा मिळाला, पण त्यात आजोबांचं नाव मला सापडेना. फेरीत तो कागद हातात धरून बसलो होतो. शेजारी बसलेल्या बाईंनी मागून घेतला. त्या पोर्तुगीज प्राथमिक शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेल्या होत्या. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. पोर्तुगीज लोक 'श' साठी एक्स लिहीत, त्यामुळे आमचे आजोबा शंकर मी 'एस' खाली शोधत होतो आणि ते एक्सने सुरू झाले होते. मग पणजोबा काय करायचे, साक्षीदार कोण, कुठल्या वाड्यावर घर, सगळं वाचून सांगितलं. फेरी पलीकडे लागली तरी वाचणं संपलं नव्हतं. त्या उतरल्या नाहीत. त्याच फेरीने परत आल्या, वाचन पुरं केलं आणि मग पुन्हा पलीकडे गेल्या. मी पैसे काढले तर हात मागे घेतला, म्हणाल्या, "चलत्या माणसाला फेरी फुकट असते."

फेरीधक्का
त्याच. छत्रीचा दांडा निळाच. आत्ता ती आमच्या दाराशी आहे.

तुम्ही लिहिलंत ते आम्हाला माहीतच नव्हतं. तिने कधी सांगितलं नाही. भाचीला पाठवते.

जुना_वाचक
वरचं सगळं वाचलं. माझं पहिलं मत मागे घेत नाही. सुतक नाही म्हणजे नाही. पण सुतक म्हणजे धार्मिक कर्मांना अडवणूक, आणि दुःख करायला शास्त्राने कधीच अडवलेलं नाही. गणपती आणा, आणि आई आरतीच्या वेळी बसून रडल्या तर रडू द्या. पाचवा दिवस टाळून दीड दिवसावर विसर्जन केलंत तरी चालतं, घराण्याच्या रिवाजाला विचारून ठरवा.

आमच्या शेजारी एक कानडी मास्तर होते. माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारात रात्रीची जागरणं त्यांनी आणि मी वाटून घेतली होती. त्यांच्या मागे मी कुठलाच विधी केला नाही, कारण विधी नव्हता. माशेलबाईंचं म्हणणं आता पटतं. विधी नसला की माणूस कुठे ठेवायचा ते कळत नाही.

माशेलची_लेक
धन्यवाद, जुने वाचक. आता मला तुमच्याशी भांडता येणार नाही.

कुळागर
विषयांतर: दिवाडीचा बोंदेरा उत्सव यंदा कधी? ऑगस्टचा चौथा शनिवार ना? आमच्याकडून पोरं निघाली आहेत.

फेरीधक्का
होय, चौथा शनिवार. पोरांना सांगा, फेरीला गर्दी असते, सकाळीच या.

काल सातव्या दिवसाचं मीस झालं. आम्ही सगळे गेलो होतो. आई शेवटच्या बाकावर बसली होती, तिला पुढे बोलावून घेतलं. फादरनी प्रवचनात आंटीचं नाव घेतलं तेव्हा मागून कुणीतरी हुंदका दिला. वळून बघितलं तर फेरीवरचा खलाशी.

आता घुमट. पोदेर, तुम्ही विचारलंत म्हणून हे बाहेर आलं. आमच्याकडची दोन घुमटं, त्यातलं मोठं तिच्या वडिलांचं. ते मांडो गाणाऱ्यांत वाजवायचे. ते गेल्यावर ते घुमट तिच्या माडीवर पडून होतं, घोरपडीचं कातडं फाटलेलं. घोरपड मारायला १९७२ च्या कायद्याने बंदी, म्हणून ते तसंच राहिलं. माझा भाऊ नववीत असताना ती ते घेऊन आली आणि म्हणाली, आमच्याकडे आता वाजवणारा कोणी नाही. बाबांनी त्याला बकऱ्याचं कातडं चढवून घेतलं. तेव्हापासून प्रत्येक चवथीला आरतीला तेच वाजतं, आणि ती आमच्या सोप्यावर खुर्ची टाकून बसायची, पायाने ताल धरून. २०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं तेव्हा पेपर घेऊन आली होती, "बघ, पपाचें नांव जालें." मला हे सगळं माहीत होतं आणि तरी आई घुमट नको का म्हणते हे मला कळलं नव्हतं. तिला ते ऐकवणार नव्हतं.

काल मीसनंतर आई म्हणाली, गणपती आणूया. पाच दिवसच. मखराला रोषणाई नाही. घुमट पहिल्या दिवशी वाजेल, तिच्या पपाचंच, भाऊ वाजवेल. खुर्ची सोप्यावर ठेवायची की नाही याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. बाबा म्हणतात ठेवायची, आई म्हणते रिकामी बघवणार नाही.

१५ ऑगस्टला तिच्याकडून हळदीच्या पानातल्या पातोळ्या यायच्या. यंदा आई करून आंटीच्या मैत्रिणींना पोचवणार आहे, सात घरं आहेत.

पोदेर
पातोळ्यांत गूळ थोडा जास्त घाला. आमच्या बायकांना तसा लागतो.

फेरीधक्का
तोच तिचा हात होता. आईला माहीत आहे.

एक गोष्ट राहिली आणि ती सगळ्यांत मोठी आहे. तिच्या दाराआडच्या खिळ्यावर बॅगेखाली चाव्यांचा जुडगा आहे. वाड्यावरची जी घरं बंद आहेत, मालक कोणी लंडनला, कोणी कुवेतला, कोणी दादरला, त्यांच्या चाव्या तिच्याकडे. गोव्याचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. चिऱ्यांचं आणि मातीच्या गिलाव्याचं घर चार महिने बंद राहिलं तर भिंतीला बुरशी, दाराच्या चौकटीला रोयण (वाळवी), कौल सरकलं की तुळई कुजते. आंटी दर शनिवारी, ऊन पडलं की, एकेक घर उघडायची. खिडक्या दहापासून चारपर्यंत उघड्या. नळ सोडायचे, दिवे लावून बघायचे, छपराखाली उभं राहून वर बघायचं, कुठे ओल आहे का. मला वाटायचं ती त्या लोकांवर उपकार करतेय. ती म्हणायची, बंद घराला वास लागला की माणूस परत येत नाही.

शनिवारी ऊन पडलं आणि सातही घरं बंद होती. आई आणि मी जुडगा घेऊन निघालो. प्रत्येक चावीला तिच्या ड्यूटीच्या जुन्या पांढऱ्या साडीची पट्टी बांधलेली, त्यावर पक्क्या शाईने घराचं नाव. दोन घरं मी उघडते, दोन आई, एक पलीकडच्या भाटातले अंकल, दोन भाऊ सुट्टीला आला की. लंडनवाल्यांना फोन केला, ते रडायला लागले. त्यांना वाटलं होतं आता घर विकायला लागेल.

चाव्या आठ निघाल्या. आठव्या चावीच्या पट्टीवरची शाई धुऊन गेली आहे. लांब, लोखंडी, जुन्या तऱ्हेची. वाड्यावरच्या सगळ्या दारांना लावून बघितली, लागत नाही. भाचीलाही माहीत नाही. तळ्याच्या अंगाला एक घर आहे, पंचवीस-एक वर्षं बंद, आम्ही लहानपणी तिकडे जायला भ्यायचो. उद्या तिथे बघते. कुलूप गंजून लाल झालं आहे.

कुळागर
कुलपात आधी खोबरेल सोडा आणि एक रात्र तसंच ठेवा. लगेच जोर लावलात तर जुनी चावी आत मोडते. सकाळी हळू फिरवा, मागेपुढे.

फेरीधक्का
आत्ताच जाऊन सोडून आले.